कॅन्सर डोळ्याचा, मग ऑपरेशन लिव्हरचं का?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात मदतीचा एक मेसेज फिरत फिरत आला. बावन्न वर्षांचे गृहस्थ, चार वर्षांपूर्वी डोळ्यात कॅन्सर निघाला होता, आता लिव्हरचं मोठं ऑपरेशन, खर्च मेडिक्लेममध्ये बसत नाही. पाच मिनिटांत खाली उत्तर आलं, "फेक आहे. कॅन्सर डोळ्याचा आणि ऑपरेशन लिव्हरचं? कोणी पैसे पाठवू नका." त्यावर सात-आठ जणांनी अंगठेही दिले.

मी तीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काढली. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे यायचा. तो मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपखाली द्यायचे, हे माझं काम. मेसेज खरा की खोटा ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं (दिलेल्या नंबरवर फोन केला, खरा निघाला). पण त्यात लिहिलेलं वैद्यक पहिल्या ओळीपासून बरोबर होतं. डोळा आणि लिव्हर यांचं नातं खरंच आहे, आणि ते फार विचित्र आहे.

आधी, डोळ्यातला नेमका कोणता कॅन्सर?

आपल्याकडे डोळ्याचा कॅन्सर म्हटलं की लहान मुलांचा रेटिनोब्लास्टोमा आठवतो, फोटोत बाहुली पांढरी चमकते तो. इथे विषय तो नाही. हा मोठ्यांचा, बहुधा पन्नाशी-साठीनंतरचा, आणि त्याचं नाव युव्हियल मेलॅनोमा.

युव्हिया म्हणजे डोळ्याच्या गोळ्यातला मधला, काळपट, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर. लॅटिनमध्ये द्राक्षाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं. बाहेरचं पांढरं आवरण सोलून काढलं की आतला गोळा काळ्या द्राक्षासारखा दिसतो. नारायणगावची काळी द्राक्षं डोळ्यासमोर आणा, तंतोतंत तसा. या थरात रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्या बेफाम वाढल्या की मेलॅनोमा.

या गाठीचा रंग काय असतो, ते आमच्या टेबलावर कळायचं. काही गाठींमध्ये मेलॅनिन इतकं ठासून भरलेलं असायचं की काप रंगवूनही काचेवर नुसता काळा डाग दिसे, पेशी दिसायच्याच नाहीत. मग ती स्लाइड रसायनात बुडवून आधी ब्लीच करावी लागे. काळेपणा उतरला की खाली दडलेल्या पेशी दिसायला लागत.

युरोप-अमेरिकेत दर वर्षी १० लाख लोकांत साधारण पाच-सहा जणांना हा आजार होतो. आशियाई लोकांत त्याहूनही खूप कमी. गोऱ्या लोकांमध्ये निळ्या-घाऱ्या डोळ्यांना धोका थोडा जास्त असतो असं दिसलं आहे. ही आकडेवारी तिकडची आहे, तेव्हा सदाशिव पेठेतल्या घाऱ्या मंडळींनी आरशाकडे धावू नये.

डोळा तर बरा केला होता ना?

हा प्रश्न त्या गृहस्थांच्या पत्नीनं मला फोनवर विचारला. त्याचं उत्तर द्यायला मला गाजर गवताचा आधार घ्यावा लागला.

गाजर गवत, म्हणजे आपलं काँग्रेस गवत, भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. मोकळ्या प्लॉटवर ते उगवतं, फुलतं, आणि आपण उपटायला जाईपर्यंत त्याचं बी पडून गेलेलं असतं. झाड मुळासकट उपटलं तरी बी मातीत राहतं. कधी पुढच्या पावसात उगवतं, कधी चार वर्षांनी.

डोळ्यातल्या गाठीवर उपचार चांगले आहेत. गाठ मोठी असेल तर डोळा काढतात. लहान किंवा मध्यम असेल तर डोळ्याच्या बाहेरून किरणोत्सारी चकती टाके घालून काही दिवस बसवतात आणि मग काढून घेतात. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं अशी रुथेनियम-१०६ ची देशी चकती तयार केली आहे. डोळ्यातल्या गाठीचा बंदोबस्त बहुतेकांत नीट होतो. तरीही पुढेमागे जवळजवळ निम्म्या रुग्णांत हा आजार शरीरात दुसरीकडे निघतो.

"मग डोळा लगेच काढला असता तर?" अमेरिका-कॅनडात १९८७ ते १९९८ या काळात १,३१७ रुग्णांवर नेमकी हीच परीक्षा झाली. मध्यम आकाराच्या गाठी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निम्म्यांचा डोळा काढला, निम्म्यांना चकती लावली. पुढे बारा वर्षांपर्यंत पाहिलं तरी जगण्यात फरक पडला नाही. कारण ज्यांचं बी सांडायचं होतं ते आधीच सांडलं होतं. लिव्हरमधल्या गाठींच्या वाढीच्या वेगावरून उलटं गणित मांडणाऱ्या संशोधकांनाही हेच दिसलं, पेरणी बहुधा डोळ्यातली गाठ सापडण्याच्या काही वर्षं आधी झालेली असते. घरच्यांनी स्वतःला दोष देत बसू नये, हे मी त्या बाईंना दोनदा सांगितलं.

न्यूरोलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांच्या डोळ्यात ही गाठ २००५ मध्ये सापडली. लिव्हरमध्ये आजार दिसला तो थेट २०१५ च्या जानेवारीत. मधली नऊ वर्षं ते काम करत होते.

सगळं शरीर सोडून लिव्हरच का?

छातीचा किंवा तोंडाचा कॅन्सर आधी जवळच्या लसिकाग्रंथींमध्ये (लिम्फ नोड), म्हणजे काखेत किंवा मानेत जातो. ती वाट लसिकावाहिन्यांची, म्हणजे लिम्फ वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांची. डोळ्याच्या आतल्या या थराला ती वाटच नाही. बाहेर पडायचं तर थेट रक्तातून. आणि रक्त तर सगळीकडे जातं, तरीही पसरलेल्या दर दहा रुग्णांमागे सुमारे नऊ जणांच्या लिव्हरमध्ये गाठी असतात, पुष्कळदा फक्त तिथेच.

एक कारण असं की लिव्हरमध्ये रक्त फार संथ, अगदी बारीक पोकळ्यांतून झिरपत जातं. भटक्या पेशीला थांबायला जागा मिळते. दुसरं मला जास्त पटतं. लिव्हर हा स्वतःला पुन्हा वाढवू शकणारा अवयव आहे, आणि त्यासाठी तो "वाढा" असा हुकूम देणारी प्रथिनं तयार करतो. या मेलॅनोमाच्या पेशींनाही तो हुकूम ऐकू येतो. माळी रोपाला खत घालतो आणि तण फोफावतं, तसं.

एक गोष्ट इथेच पक्की करू. या गाठी लिव्हरमध्ये असल्या तरी तो "लिव्हरचा कॅन्सर" नव्हे. पेशी डोळ्यातल्याच. डॉक्टर त्यांना सेकंडरी म्हणतात. दारूशी त्यांचा काहीही संबंध नाही (हा टोमणा त्या कुटुंबानं ऐकला होता, म्हणून लिहिते). आणि लिव्हर फंक्शन टेस्ट नॉर्मल आली म्हणजे लिव्हर साफ, असंही नाही. लिव्हरकडे इतकी शिल्लक असते की गाठी बऱ्याच वाढेपर्यंत रक्ताचा रिपोर्ट शांत राहतो.

मग कापून टाकता येत नाही का?

येतं, कधी कधी. लिव्हरचं ऑपरेशन ऐकायला वाटतं तितकं अशक्य राहिलेलं नाही. सर्जनच्या नकाशात लिव्हरचे आठ भाग असतात. प्रत्येकाची रक्ताची आवक स्वतंत्र, संत्र्याच्या फोडींसारखी, फक्त मधल्या साली डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून ऑपरेशन चालू असतानाच थेट लिव्हरवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवून फोडींच्या सीमा आणि गाठी शोधतात. कापताना रक्त कमी जावं म्हणून आत येणाऱ्या रक्तवाहिन्यांचा जुडगा काही मिनिटं चिमट्यात धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. निरोगी लिव्हरचा पाव ते तिसरा हिस्सा मागे राहिला तरी माणसाचं भागतं. उरलेला हिस्सा काही आठवड्यांत फुगून काम उचलतो.

तेव्हा हाताच्या कौशल्यापाशी घोडं अडलेलं नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या लिव्हरमधल्या गाठी सर्जन वर्षानुवर्षं काढत आले आहेत आणि त्यातले काही रुग्ण पूर्ण बरे होतात. डोळ्याच्या मेलॅनोमात अडचण वेगळी आहे.

लॅबमध्ये एकदा अशा रुग्णाच्या लिव्हरचा तुकडा आला होता. मुठीएवढा. रिपोर्टवर लिहिलं होतं, एक गाठ, साडेतीन सेंटिमीटर. ती होतीच, जांभळासारखी काळी. पण डॉक्टरांनी सुरीनं तुकड्याच्या चकत्या केल्या आणि आम्ही दोघं गप्प झालो. गाठीपासून दूर, चांगल्या दिसणाऱ्या तपकिरी भागात खसखशीएवढे काळे ठिपके. एका चकतीत चार, पुढच्यात सहा. सीटी स्कॅनमध्ये यातलं काहीच नव्हतं, दिसणं शक्यच नव्हतं.

ही खसखसच या आजारातला खरा शत्रू आहे. म्हणून हल्ली ऑपरेशन ठरवण्याआधी नुसत्या सीटीवर किंवा पेट स्कॅनवर न थांबता लिव्हरच्या पेशी शोषून घेतात असं खास औषध टोचून एमआरआय करतात. तरी शंका असेल तर मोठा छेद देऊन पोट उघडण्यापूर्वी बेंबीजवळून दुर्बीण घालून लिव्हरचा पृष्ठभाग पाहतात. खसखस दिसली की तिथेच थांबतात. नातेवाइकांना वाटतं, "पोट उघडलं आणि काही न करता बंद केलं." मला वाटतं, त्या दिवशी सर्जननं केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

कोणाचं करतात, आणि किती फायदा?

पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटनं अशा २५५ रुग्णांच्या लिव्हर ऑपरेशनचा हिशोब २००९ मध्ये मांडला. सगळ्यांचा मिळून मध्य आयुष्यकाळ १४ महिने होता. मध्य म्हणजे निम्मे त्याहून कमी जगले, निम्मे त्याहून जास्त. ज्यांच्या सगळ्या गाठी निघाल्या आणि कापलेली कडाही मायक्रोस्कोपखाली स्वच्छ निघाली, त्यांचा मध्य २७ महिने. कोणाला जास्त फायदा होतो तेही दिसलं. डोळ्याचं निदान आणि लिव्हरमधला आजार यांत दोन वर्षांहून जास्त अंतर, गाठी चारपर्यंत, आणि खसखस नाही.

या "स्वच्छ कडे"बद्दल थोडं सांगते, कारण ते आमचं काम. तुकडा आला की कापलेल्या बाजूला शाई लावायची. मग काप मायक्रोस्कोपखाली गेला की बघायचं, कॅन्सरच्या पेशी शाईपर्यंत पोचल्यात की अलीकडेच थांबल्यात. सर्जन ऑपरेशन थिएटरच्या बाहेर येऊन "सगळं काढलं" म्हणतात ते त्यांच्या डोळ्यांना दिसलं त्यावरून. शाईचं उत्तर काही दिवसांनी येतं.

आता २७ विरुद्ध १४ हे वाचून "म्हणजे ऑपरेशननं आयुष्य दुप्पट होतं" असं म्हणू नका. रोज पहाटे पर्वती चढणारे लोक जास्त जगतात, हे धरून चालू. ते पायऱ्यांमुळे, की मुळात धडधाकट होते म्हणूनच पायऱ्या चढू शकत होते म्हणून? ज्यांच्या गाठी थोड्या आणि संथ, त्यांचंच सगळं काढता येतं. आणि ते ऑपरेशनशिवायही इतरांहून जास्त काळ टिकले असते. सुरीचा वाटा किती आणि निवडीचा किती, हे या आकड्यांतून वेगळं करता येत नाही. तरीही मोजक्या, हळू वाढणाऱ्या गाठी असतील तर मी स्वतःच्या माणसाला सर्जनचं मत घ्यायला लावीन. गाठ तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर कधी कापायचीही गरज नसते. सुई घालून मायक्रोवेव्हच्या उष्णतेनं ती जागीच भाजून काढतात.

ज्यांचं कापता येत नाही त्यांचं काय?

असेच रुग्ण जास्त. इथे लिव्हरची एक गंमत उपयोगी पडते, आणि ती पुणेकराला पटकन कळेल.

आपल्या बऱ्याच सोसायट्यांत दोन ठिकाणांहून पाणी येतं, नळाचं आणि टँकरचं. लिव्हरलाही दोन पुरवठे आहेत. तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून, ते नळाचं. उरलेलं धमनीतून, ते टँकरचं. लिव्हरच्या चांगल्या पेशी मुख्यतः नळावर जगतात. सेकंडरी गाठी जवळजवळ पूर्णपणे टँकरवर. म्हणजे औषध टँकरमध्ये मिसळलं तर ते नेमकं गाठींच्या घरात जातं.

यातून बऱ्याच पद्धती निघाल्या. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी लिव्हरपर्यंत नेऊन टँकरची लाइनच तुंबवायची, किंवा तिच्यातून किरणोत्सारी यट्रियम-९० चे कण सोडायचे. सॅक्स यांच्यावर तुंबवण्याचाच उपचार झाला होता. काही महिने मिळाले, ऑगस्ट २०१५ मध्ये ते गेले.

सगळ्यात धाडसी पद्धत म्हणजे लिव्हरला काही वेळ शरीरापासून तोडणं. पोट उघडून लिव्हरचे सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, त्यातलं रक्त एका यंत्रावर फिरवायचं आणि तासभर गरम रक्तातून मेल्फलान नावाचं किमोचं औषध इतक्या मात्रेत द्यायचं की एरवी ते माणसाला झेपलंच नसतं. मग सगळं धुऊन काढायचं आणि व्हॉल्व्ह उघडायचे. स्वीडनमध्ये ९३ रुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली. ही पद्धत मिळालेल्यांपैकी ४० टक्के लोकांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण साडेचार टक्के होतं. आजार पुढे न सरकण्याचा काळ ३.३ महिन्यांवरून ७.४ वर गेला. एकूण आयुष्यातला फरक, २१.७ महिने विरुद्ध १७.६, मात्र योगायोग नाही असं ठामपणे म्हणण्याइतका नव्हता.

तीच कल्पना आता पोट न उघडताही राबवतात. नळीतून औषध लिव्हरमध्ये सोडायचं, लिव्हरमधून बाहेर पडणारं रक्त दोन फुग्यांच्या मध्ये अडवून बाहेर घ्यायचं, फिल्टरमधून गाळायचं आणि मानेच्या शिरेतून परत द्यायचं. पुन्हा पुन्हा करता येतं, हा मोठा फायदा. अमेरिकेच्या औषध नियामकानं ऑगस्ट २०२३ मध्ये याला मान्यता दिली. ज्या चाचणीवर ती दिली तिच्यात ३६ टक्के लोकांच्या गाठी आकसल्या होत्या.

नेहमी येणारे काही प्रश्न

*"सुरी लागली की कॅन्सर पसरतो म्हणतात."* ही समजूत पेठेतल्या वाड्यापासून हिंजवडीच्या टॉवरपर्यंत सगळीकडे भेटते. ऑपरेशननंतर आजार उसळलेला दिसतो, तो बहुतेक वेळा आधीच पडलेल्या बियांचा असतो. वर सांगितलेली खसखस कोणत्याही सुरीनं पेरलेली नव्हती.

*"मग अख्खं लिव्हरच बदला ना! पुण्यात ग्रीन कॉरिडॉर करून लिव्हर नेतात की."* नेतात. पण नवं लिव्हर शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर द्यावी लागतात. लिव्हरबाहेर कुठे चार पेशी जरी लपलेल्या असल्या तरी त्यांना रान मोकळं मिळतं. म्हणून या आजारात ट्रान्सप्लांट हा नेहमीचा उपचार नाही.

*"इम्युनोथेरपीनं मेलॅनोमा बरा होतो असं वाचलं."* इम्युनोथेरपी म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं. वाचलं ते बहुतांशी त्वचेच्या मेलॅनोमाबद्दल. नाव एक, जात वेगळी. उन्हानं झालेल्या त्वचेच्या मेलॅनोमात जनुकांची इतकी मोडतोड असते की प्रतिकारशक्तीला तो परका म्हणून ओळखू येतो. डोळ्यातल्यात ती फार कमी, त्यामुळे त्या औषधांचा प्रभावही कमी. टेबेंटाफस्प नावाचं एक वेगळं औषध मात्र २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. चाचणीत वर्षभरानंतर ते घेणारे ७३ टक्के रुग्ण हयात होते, इतर उपचार घेणारे ५९ टक्के. पण ते एका ठरावीक ऊतक-गटाच्या लोकांनाच चालतं. रक्तगट पाहावा तसा हा गट रक्त तपासून आधी पाहावा लागतो.

*"मी आता लिव्हरची सोनोग्राफी करून घेऊ का?"* डोळ्यात हा आजार झालेला नसेल तर नाही. त्यापेक्षा चाळिशीनंतर डोळ्यात थेंब टाकून आतला पडदा तपासून घ्या. डोळ्यापुढे सतत सावली किंवा चमक येत असेल तर नक्कीच. यातल्या कितीतरी गाठी काही त्रास नसताना, चष्म्याचा नंबर काढायला गेल्यावर सापडतात. ज्यांना हा आजार होऊन गेला आहे त्यांच्यासाठी लिव्हरची तपासणी दर काही महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तशी, आणि अनेक वर्षं.

फाईलमध्ये काय असावं

त्या गृहस्थांची फाईल घेऊन त्यांचा भाऊ आमच्याकडे आला होता. गाठी तीन, एमआरआय झालेला, दुर्बिणीची तपासणी ठरलेली. त्यांनी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून घेतले. गाठी किती आणि कोणत्या फोडीत, डोळ्याच्या निदानानंतर किती दिवसांनी दिसल्या, मागच्या दोन स्कॅनमध्ये किती वाढल्या, लिव्हरबाहेर काही आहे का, आणि दुर्बिणीत खसखस दिसली तर पुढचा बेत काय. शक्य असेल तर डोळ्याचा, लिव्हरचा आणि किमोचा असे तिन्ही डॉक्टर एकत्र बसून ठरवतील अशा ठिकाणी मत घ्या म्हटलं. पुण्यात ते जमतं. दुसरं मत हवं असेल तर परळचं टाटा हॉस्पिटल एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.

फाईलमध्ये एक गोष्ट नव्हती, आणि ती कोणाच्याच फाईलमध्ये नसते. त्यांचा डोळा काढला होता. म्हणजे त्या गाठीचे मेणाचे ब्लॉक कुठल्या तरी लॅबच्या कपाटात असणार, अंगठ्याएवढे, वर नंबर घातलेले. त्या गाठीत तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत हरवली आहे का, बीएपी-१ हे प्रथिन गायब आहे का, यावरून ती किती आक्रमक आहे याचा अंदाज येतो, आणि हे त्या जुन्या ब्लॉकवरून आजही तपासता येतं. पण लॅब ते कायमचे ठेवत नाही. ठरावीक वर्षं झाली की कपाट रिकामं करतात, मी स्वतः केलेलं आहे. भावाला म्हटलं, उद्या सकाळीच जुन्या रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर घेऊन जा आणि ब्लॉक मागा. अर्ज साध्या कागदावर चालतो.